उंबऱ्याबाहेरची भेदरं

ईश्वरदासांच्या घरात भेदराला बंदी होती. टमाटर हो, त्यालाच तिकडं भेदर म्हणतात. कांदा चाले, लसूण चाले, चातुर्मास सोडला तर वांगंही चाले. पण भेदराचं नाव काढलं की म्हाताऱ्याच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची. गळ्यात तुळशीची माळ, मागावर बसायच्या आधी पोथीचं एक पान, आणि डोक्यात एकदा बसलं ते बसलं. "कापलं की मांसावानी दिसते. माह्या चुलीवर मांस शिजनार नाही." झालं, विषय संपला. आता भेदराला काय ठाऊक आपण कापल्यावर कशासारखं दिसतो ते! पण तांडापेठेतल्या त्या घरातले सगळे माग म्हाताऱ्याच्या शब्दावर चालायचे, तिथं भेदराची काय कथा.

आणि अशा घरात सून आली ती नेमकी कुही गावाकडची. गोपिका. तिच्या माहेरी माग होते तशी घरामागं लहानशी वाडीही होती, आणि हिवाळाभर तिथं भेदरं लोंबायची. पोरगी लहानपणापासून झाडाखाली बसून मिठाच्या खड्यासोबत भेदरं खात वाढलेली. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला ती माहेरून परतली ती पदराच्या गाठीत बी बांधूनच. मागच्या अंगणात न्हाणीचं पाणी जिथं जायचं तिथं तिनं वाफा केला, रोपं टाकली, दसऱ्याच्या सुमारास ती हलवून लावली. नवरा मनोहर घाबरून म्हणाला, "बाबाले काय सांगशीन?" तिनं सासऱ्यालाच जाऊन विचारलं. सासऱ्याला ती मामाजी म्हणे.

"लाव," मामाजी म्हणाले. "झाडाचा काय गुन्हा? फळ मात्र उंबऱ्याच्या आत आलं नाही पाहिजे."

गोपिकेला वाटलं, म्हातारा बोलतो तसा, पुढं निवळेल. तिथंच चुकली. पहिल्या खेपेला दिवस गेले, तोंडाला पाणी सुटलं ते आंबटासाठी. मामाजी लुगड्यांचा गठ्ठा घेऊन इतवारीच्या बाजारात गेले होते. तिनं आतल्या चुलीवर भेदराचं सार टाकलं. म्हातारा लवकर परतला. दारातच वास आला. ओरडला असता तर बरं झालं असतं, भांडण झालं असतं, मिटलं असतं. त्यानं फडक्यात धरून पातेलं उचललं, गल्लीच्या टोकाला उकिरड्यावर पालथं केलं, परत येऊन राखेनं स्वतःच्या हातानं घासलं आणि उन्हात उपडं घातलं. मग हातपाय धुऊन मागावर बसला. पाचव्या महिन्याची ती पोर रिकाम्या चुलीसमोर बसून राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि जेवली नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर तिनं मागच्या भिंतीला लागून, टिनाच्या तुकड्याखाली, दुसरी चूल मांडली. भेदरांपुरती. हिवाळ्यात ती आणि पोरं तिथंच झाडांपाशी बसून भाजल्या भेदराची चटणी आणि भाकर खायची. मनोहरही यायचा, पण उभ्यानं खायचा, एक डोळा दाराकडं ठेवून. तीन पोरांचा बाप झाला तरी उभ्यानंच. गोपिका त्याला हसायची. सासऱ्याशी ती कधी उलटून बोलली नाही, सेवेत कसूर केली नाही. पण ते पातेलं तिनं मनात लोणच्यासारखं मुरवून ठेवलं होतं.

बांगलादेशच्या लढाईचा तो हिवाळा. सगळी गल्ली रेडिओला कान लावून बसलेली असताना ईश्वरदास तापानं फणफणले. मुदतीचा ताप. ताप उतरला, पण जाताना अंगातलं सगळं घेऊन गेला. सासूबाई मागंच गेलेल्या, त्यामुळं पेज भरवण्यापासून पाठ पुसण्यापर्यंत सगळं गोपिकेवर. मागावर बसायचं तर आडवं सूत फेकायचा धोटा हातातून सुटायचा. ऊन मिळावं म्हणून मनोहरनं त्यांची खाट मागच्या अंगणात टाकली. आणि खाटेसमोर काय? भेदरं.

पहिले काही दिवस म्हाताऱ्यानं तिकडं पाहिलंही नाही. पण रिकामा बसलेला विणकर म्हणजे काय, त्याचे हात त्यालाच खातात. एक दिवस गोपिका धुणं वाळत घालायला आली तर मामाजी वाफ्यात उकिडवे बसलेले. फळांच्या भारानं एक फांदी खाली आली होती. त्यांनी तुऱ्हाटीची काडी रोवली होती आणि मागाखालचं तुटकं सूत घेऊन फांदी तिला बांधत होते. गाठ तीच, तुटला धागा जोडायची, बारीक आणि न सुटणारी. फळाला बोट लागू देत नव्हते.

"राहू द्या मामाजी, मी बांधीन."

"तुह्यी गाठ ढिली असते," ते म्हणाले. "काल वाऱ्यानं हे सगळं लोयत होतं. तुले दिसलं नाही काय?"

मग तो त्यांचा उद्योगच झाला. रोज एक झाड. कुठली फांदी कशी वळवायची, कुठला फुटवा फुकट रस खातो, कुठं पान काढलं की फळाला ऊन लागेल, सगळं म्हातारा बघून बघून शिकला. सुताला पाजून उरलेली खळ पातळ करून बुडाशी घालायला त्यांनीच सांगितलं. खारीला हाकलायला हातात काठी, आणि मैनेला हाकलायला तोंडानं हुर्र. "ते कोपऱ्यातलं पांढुरकं झालं वं आज," असं ते सकाळी सांगायचे. दुसऱ्या दिवशी त्याच्या बुडाला पिवळी झाक आली, तिसऱ्या दिवशी नारिंगी, असं एकेका फळाचं त्यांना ठाऊक असायचं. पोरांना पिकलेलं तोडायचं असलं तर आजोबाला विचारून तोडायची. आजोबा तोडायला सांगायचे, खाताना बघायचे, आणि मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे.

गोपिकेनं एकदा पाहिलं. झाडं बांधून झाली होती, भेदराच्या पानाचा तो हिरवा, उग्र वास बोटांना चिकटलेला. मामाजी खाटेवर बसून बोटं हुंगत होते. तिनं पाहिलं आणि तिच्या मनात काय आलं असेल? दया? नाही बाप्पा. तिला गंमत वाटली. आणि गमतीच्या तळाशी ते उपडं पातेलं होतं.

संक्रांतीचा आदला दिवस होता. त्या सकाळी गोपिकेनं टोपलीभर भेदरं उतरवली होती, सगळी पिकून लाल झालेली, हळदीकुंकवाला वाटायची म्हणून. थोडी शेजारच्या पंचफुलाबाईला दिली. पंचफुलाबाईनं ती लगेच निखाऱ्यावर टाकली. कुडाच्या पलीकडून वास यायला लागला. साल तडकून रस निखाऱ्यावर पडतो तेव्हाचा. गोपिका मामाजींना पेज पाजायला आली होती. वाटी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"पंचफुला काय भाजून राहिली वं?"

"भेदरं."

"अस्सं." पेजेचा एक घोट. मग वाटी खाली. "तापानं तोंडाची चव पार गेली पोरी. हे पेज पानी पिल्यावानी लागते."

गोपिकेनं वाटी उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली.

"त्याची चटनी करन ती?"

"हाव."

म्हाताऱ्यानं वाफ्याकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडं. "कशी लागते वं ते?"

आता याला काय म्हणायचं? आयुष्यभर ज्यानं कोणाकडं काही मागितलं नाही, तो माणूस याहून जास्त कसं मागणार? गोपिकेला कळलं. अगदी नीट कळलं. पायाशीच टोपलीत लालबुंद भेदरं होती, चूल दोन हातांवर होती, एक भाजून, मीठ-मिरची लावून द्यायला असा कितीसा वेळ लागला असता. पण जीभ पुढं धावली.

"मांसावानी लागत असन, मामाजी."

ते हसले. खरंच हसले, आपली थट्टा आपल्यालाच कळल्यासारखे. "हाव," म्हणाले, आणि पेज संपवली. वाटी तिच्या हातात नीट दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मनोहरला सांगून खाट फिरवून घेतली. डोळ्यांवर ऊन येते म्हणाले. आता त्यांची पाठ झाडांकडं होती.

पहिला दिवस गोपिकेला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. फिटलं एकदाचं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी एक फांदी लोंबलेली दिसली आणि तिनं हाक मारली, "मामाजी, हे पाहा न, खाली आलं." ते म्हणाले, "बांध तू." तेवढंच. खारीनं एक फळ अर्धं करून टाकलं, काठी खाटेलाच टेकलेली होती. सायंकाळी त्यांना आत नेताना त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता, आणि तो हात पदराइतका हलका लागला. आपण हे काय बोललो? म्हाताऱ्याच्या हट्टाला काही अर्थ नव्हता, मान्य. पण तो आपला हट्ट सोडून उंबऱ्यापर्यंत आला होता, आणि आपण आतून कडी घातली. रात्री भाकरी थापताना तिला रडू आलं. मनोहरनं विचारलं तर धूर लागला म्हणाली.

तिनं ठरवलं, आपण होऊन द्यायचं. विचारायचं नाही, बोलायचं नाही, चटणीची वाटी पेजेशेजारी ठेवायची आणि निघून यायचं. पण टोपलीतली भेदरं संक्रांतीला वाटून झाली होती. झाडांवर राहिली होती ती हिरवी, दगडासारखी. आणि त्यातच पौषातली थंडी अशी पडली की गल्लीत दिवसाही शेकोट्या पेटल्या. थंडीत भेदर पिकत नाही. जिथल्या तिथं थांबून राहतं, हिरवं ते हिरवंच.

अगं बाई, बाजारात का नाही गेलीस? इतवारीत ढीग होते ढीग, पावशेर घेऊन आली असतीस, सांजेला चटणी झाली असती! पण नाही. तिला वाटलं, बाजारचं कशाला, त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेल्या झाडाचंच द्यावं. म्हणजे त्यांना कळेल. माणसाला माफीसुद्धा साग्रसंगीत मागायची असते, आणि तोवर ज्याची मागायची तो थांबतो की नाही ते कोणी बघत नाही.

कोपऱ्यातल्या झाडाची मोठी मोठी, पाडाला आलेली फळं तिनं उतरवली. माहेरी करायचे तसं मडक्यात धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा घातला, त्यात फळं एकमेकांना लागणार नाहीत अशी निजवली, वरून पुन्हा तणस, तोंडाला फडकं, आणि मडकं मागच्या चुलीशेजारी उबेला ठेवलं. रोज सकाळी हात घालून बघायची. हिरवं. मग पांढुरकं. मग एकाच्या बुडाला पिवळी झाक. तेवढंच भाजून द्यावं असं तिच्या मनात आलं, पण पिवळं आंबट लागेल, तापातनं उठलेल्या माणसाला सोसणार नाही. अजून थोडं. गोड होऊ दे.

त्या थंडीनंच मामाजींना गाठलं. छातीत कफ दाटला. डॉक्टरनं सुई दिली, पथ्य सांगितलं, आणि बाहेर येऊन मनोहरच्या खांद्यावर हात ठेवला. एका सकाळी ऊन चढायच्या सुमाराला गोपिका पेज घेऊन गेली तर मामाजी उशीवर मान कलती करून पडले होते. तिनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारलीच नाही.

माणसं आली, रडारड झाली, गंगाबाई घाटावर नेलं. सुतकात चूल बंद. पंचफुलाबाईकडून जेवण यायचं. मडक्याची आठवण गोपिकेला कितीतरी उशिरा झाली. फडकं काढलं तर आतून गोड वास. सगळी पिकली होती. एकाला बुरशी आली होती, बाकीची लाल, तळहातावर घेतली तर जड. ती मडक्याशीच बसून राहिली. पोरांनी मागितली तरी तिनं दिली नाहीत.

दहाव्याला पुरुषमंडळी कन्हान नदीच्या काठावर जाणार होती. बाया घरीच. गोपिकेनं सामानाची पिशवी भरली: तांदूळ, तीळ, दर्भ, नवी धोती. आणि तळाशी, फडक्यात बांधून, एक भेदर. मनोहरला सांगायचं तिच्या तोंडावर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमच्या बापाला शेवटी भेदर खावंसं वाटलं होतं? जन्मभर माळ जपलेल्या माणसाची अशी गोष्ट चार भावकीतल्या लोकांत जाणार. आणि मग पुढचं विचारतील, तुवा काय केलं? तिनं पिशवीचं तोंड बांधलं. पिंडाजवळ सामान ठेवतील, त्यात तेही राहील, असं तिनं मनाशी धरलं.

मनोहर परतला तो उन्हं कलल्यावर. पाय धुतले, ओसरीवर बसला, पाणीसुद्धा मागितलं नाही.

"शिवला?" गोपिकेनं विचारलं.

"नाही." तो बराच वेळ डोक्यावरून हात फिरवत राहिला. "कावळे होते वं. झाडभर होते. पन पिंडाकडं ढुंकून पाहून नव्हते राहिले. ज्याले जे सुचलं ते त्यानं म्हनून पाहिलं. मी म्हटलं, बाबा, तुमचा माग बंद नाही पडू देनार. पोरीचं लगन तुमच्या मनासारखं करीन म्हटलं. काही नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला."

गोपिका भिंतीला टेकली.

"अन् पिशवीत भेदर कोनं टाकलं होतं? पोट्ट्यांनी, का?" त्याचा आवाज चढला. "गुरुजी सामान काढून राहिले, अन् फडक्यातून भेदर निघालं. बाबाच्या दहाव्याले! सगळे माह्या तोंडाकडं पाहून राहिले. मी उचललं अन् दूर रेतीत फेकलं. तर झाडावरचे सगळे कावळे त्याच्यावरच तुटून पडले. साल नाही उरली. लोकं हसले वं, गोपिका. माह्या बापाच्या दहाव्याले लोकं हसले."

"मी टाकलं," ती म्हणाली.

"काहून?"

मग तिनं सांगितलं. पातेल्यापासून सांगितलं. त्यालाही ते पातेलं आठवत होतं. तो तेव्हा मागावर होता आणि उठला नव्हता, हे त्यानं मान खाली घालून ऐकलं. पंचफुलाकडचा वास, 'कशी लागते वं ते', आपलं उत्तर, फिरवलेली खाट, मडकं. काही लपवलं नाही. बोलता बोलता ती हुंदके देऊ लागली, तरी थांबली नाही.

मनोहर मोठ्या मनाचा माणूस. तो चिडला नाही. मागच्या दाराकडं बघता बघता एकदम उजळल्यासारखं त्याचं तोंड झालं. "मंग तर झालं न वं! तेच पाह्यजे होतं त्याले. कावळ्यायनं नेलं न? मंजे बाबाले पोचलं. उगी, नोको रडू आता. पोचलं त्याले."

असं म्हणणारे त्या दिवशी आणखीही निघाले असते, आणि कोणाही बाईनं त्या शब्दाचा आधार घेऊन डोळे पुसले असते. गोपिकेला ते जमलं नाही.

"कावळ्याले लाल दिसलं, त्यानं खाल्लं," ती म्हणाली. "मले कावळ्यानं नव्हतं इचारलं. मामाजीनं इचारलं होतं."

 मनोहर उठून मागं गेला.

फाल्गुनात झाडं वाळली. उपटताना गोपिकेनं सुताच्या गाठी सोडवायचा प्रयत्न केला, पण त्या विणकराच्या गाठी, नखाला दाद देईनात. शेवटी कात्री आणावी लागली.

पुढच्या हिवाळ्यात तिनं पुन्हा भेदरं लावली. थंडी बेताची होती, फळ चांगलं आलं. आता घरात आडवं येणारं कोणी उरलं नव्हतं. एका सांजेला गार वारा सुटला होता आणि ती टिनाखालच्या चुलीवर वाकून भेदरं भाजत होती. पोरं आत शेगडीजवळ बसलेली. मनोहर दारात येऊन उभा राहिला.

"इथं थंडीत कायले बसली वं? आता आतल्या चुलीवर करत जाय न. कोन काय म्हननार आहे?"

गोपिकेनं निखाऱ्यावरचं भेदर चिमट्यानं फिरवलं. साल तडकली, रस निखाऱ्यावर पडला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मामाजीनं नाही म्हटलं आहे."

 मनोहर उंबरा ओलांडून बाहेर आला, तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्यानं ताटली पुढं केली.